बीभत्साचा पाट

जॉन कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ हा १९८२ सालचा अमेरिकन चित्रपट पाहून आमचे सोवळे स्नेही अजूनही नाक मुरडतात. म्हणे, रक्त-आतडी दाखवायला अक्कल कशाला लागते?

अहो, लागते! अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली १२ माणसे, आणि कोणाचेही हुबेहूब रूप घेणारा एक परका जीव. आता यांतला माणूस कोण? उरलेल्यांचे रक्त बशीबशीत घेऊन त्यात तापलेली तार बुडवतात. माणसाचे रक्त नुसते चरचरते. त्या जीवाचा मात्र थेंबसुद्धा किंचाळून उडी मारतो. रोजच्या सोबत्यावरचा विश्वास उडणे म्हणजे काय, हे सभ्य संवादांनी असे अंगावर आले असते काय? ही बहुतेक सारी किळस रॉब बोटिन या विशीतल्या कारागिराने, संगणकाविना, हातांनी घडवली.

भरतमुनींनी आठ रसांत बीभत्सालाही पाट मांडला. आम्ही मात्र त्याला पंगतीतून उठवतो! (फराळाच्या वेळी हा विषय काढला म्हणून गृहिणींनी रागावू नये.) त्याच जूनमध्ये, दोनच आठवडे आधी, स्पीलबर्ग यांचा गोजिरवाणा ‘ई. टी.’ आला, त्याला साऱ्यांनी कडेवर घेतले आणि याला समीक्षकांनी झोडपले. बैराग्याच्या वेषातला रावण मुलांना सांगताना ही मंडळी काय गाळतात, कोण जाणे!