आपली दप्तरे आपण वाचणार केव्हा?

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की आपल्याला १९४८ ची पोलीस कारवाई आठवते. मुक्तिसंग्रामाचे स्मरण झालेच पाहिजे. परंतु निजामी राज्यात आपल्या खेड्याचा रोजचा कारभार कसा चाले, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, गावात पाटील-पटवारी अशी उतरंड बसली. १८८० नंतरच्या दशकात सरकारी दप्तरातून फारसी गेली, उर्दू आली. गावकीचे जुने कागद मोडीत. रयत मराठी बोलणारी. पण शेताचा कागद तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे.

उदगीर तालुक्याचेच पाहा. निजामाच्या काळी तो बिदर जिल्ह्यात होता, १९५६ साली उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातुरात. गाव जागचे हलले नाही, जिल्हे मात्र तीन झाले! तिकडे १९५६ सालीच किनवट आदिलाबादेतून नांदेडात आले, तर मुधोळ नांदेडातून आदिलाबादेत गेले. म्हणजे जुना कागद शोधायचा तर त्या काळचा जिल्हा ठाऊक हवा, आणि सापडला तर लिपी यायला हवी.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचे मोल सर्वांना उमगले. आरक्षणाबद्दल मते भिन्न असोत; आपल्याच पणजोबांची नोंद परक्याने वाचून सांगावी, हे कोणालाच भूषणावह नाही.

काही मित्र म्हणतात, "निजामाची भाषा कशाला शिकायची?" मला हे पटत नाही. जुलूम राजवट करते, लिपी नव्हे. शिवाय उर्दू आपल्याच कित्येक वर्गबंधूंच्या घरची भाषा आहे. त्यांच्याकडून ती शिकण्यात कमीपणा कसला?

माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी पत्र्याच्या पेटीत काही जुने कागद आहेत. 'पोरगा शिकला, आता वाचील,' अशी घरच्यांची आशा. उद्या मी बी.ए. होईन, पण त्या कागदांपुढे मी आणि माझे अंगठेबहाद्दर आजोबा सारखेच!

म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती, की इतिहास मंडळातर्फे आठवड्यातून दोन तास मोडी-उर्दूचा वर्ग सुरू व्हावा. फळा आहे, खडू आहे, शिकणारे आम्ही आहोत. जो आपल्या गावचा कागद वाचू शकत नाही, त्याने जगाचा इतिहास पाठ करून काय साधणार?