गोपनीय शेऱ्याची धास्ती

कामाच्या ओझ्याने कारकून थकतो; त्याची उमेद खचते ती बहुधा वरिष्ठांच्या लहरीने. तिरसट साहेब उघड बोलत असेल, तर त्याला निदान उत्तर तरी देता येते. धास्ती असे ती वर्षअखेरीस बंद पाकिटातून वर जाणाऱ्या गोपनीय शेऱ्याची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त खटल्यात या गुप्ततेवर घाव घातला. सीमा रस्ते संघटनेतील या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता, आणि आपला शेरा कमी पडणारा आहे हे त्याला कोणी कळवलेच नव्हते. (प्रशंसेनेच बढती हुकावी, हा खास सरकारी चमत्कार!) प्रत्येक शेरा संबंधितास कळवलाच पाहिजे आणि त्यावरील निवेदनाचा निर्णय शेरा लिहिणाऱ्याहून वरच्या अधिकाऱ्याने करावा, असे न्यायालयाने बजावले. २०१३ साली त्रिसदस्य पीठाने शेरा कळवण्याच्या या बंधनावर शिक्कामोर्तब केले.

शेरा हाती पडला म्हणून साहेब निवळतो असे नाही. परंतु आपल्या कामाची तारीखवार टिपणे ठेवणाऱ्याच्या निवेदनाला आता काही वजन येऊ शकते. खासगी पेढीतील नोकराला मात्र या निवाड्याचा आधार नाही.