नागरिक तिकडचा, भागीदार इकडचा

हुपरीची चांदी, इचलकरंजीचे कापड आणि पेठ वडगावचा गूळ यांवर उभ्या राहिलेल्या हातकणंगले तालुक्यातील व्यापारी घरांत आता एक नवा वारस वावरू लागला आहे : अमेरिकेत जन्मलेला नातू. आईवडील तेथील नोकरी सोडून परतले, मुलगा इथल्याच शाळेत शिकला, सज्ञान झाला आणि पाडव्याच्या मुहूर्तावर आजोबांनी त्याला पेढीत भागीदार करून घेतले. घराच्या दृष्टीने तो इथलाच. अमेरिका मात्र त्याला जन्मापासून आपला नागरिक मानते आणि तो कोठेही राहत असला तरी जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागते.

भारतात कर मुख्यतः वास्तव्यावरून ठरतो. म्हणून या मुलाला दोन्ही देशांत विवरणपत्र भरावे लागते. ‘ओसीआय कार्ड आहे, म्हणजे दुहेरी नागरिकत्व आले’ हा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्या कार्डावर येथे हवे तितके राहता येते, व्यापार करता येतो. मतदान करता येत नाही आणि उसाचे रान विकत घेता येत नाही.

एकाच उत्पन्नावर दोनदा प्राप्तिकर बसू नये यासाठी १९८९ चा भारत-अमेरिका करार आहे. येथे भरलेला कर तिकडच्या करातून बहुधा वजा होतो. व्यापाऱ्याची अडचण निराळीच. स्वतःच्या धंद्याचा निव्वळ नफा वर्षाला ४०० डॉलरवर गेला की अमेरिकन नागरिकाला सामाजिक सुरक्षेपोटी सुमारे १५.३ टक्के वेगळा कर द्यावा लागतो. सामाजिक सुरक्षेबाबत या दोन देशांत करार नाही. त्यामुळे यातून सुटका नाही, आणि येथला प्राप्तिकर त्यात वळताही होत नाही. पेढीत पगारावर असलेल्या मुलाला हा फटका बसत नाही, भागीदाराला बसतो. भागीदारी की पगार, याचा विचार मुहूर्ताआधी व्हावा.

दुसरी गोष्ट खात्यांची. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी त्यांचे स्वतंत्र विवरण तिकडे द्यावे लागते. पैसे पेढीचे असले आणि नातवाला केवळ धनादेशावर सहीचा अधिकार असला, तरी ते खाते त्यात धरले जाते. रुमानियात जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक होऊन १९९० मध्ये मायदेशी परतलेले व्यापारी अलेक्झांड्रू बिटनर यांनी पाच वर्षांची विवरणे वेळेत दिली नाहीत. सरकारने दर खात्यामागे आकारून २७.२ लाख डॉलर दंड लावला. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दंड खात्यागणिक नव्हे, विवरणागणिक धरावा असे ठरवले, तेव्हा तो ५०,००० डॉलरवर आला. तोही काही थोडा नव्हे!

२०१५ च्या करारापासून आपल्या बँकाही खातेदाराकडून ‘अमेरिकेशी संबंध आहे काय’ असे लेखी विचारतात. घाईत ‘नाही’वर खूण करून सही ठोकण्याची सवय येथे फार महागात पडू शकते. न जाणता राहिलेली चूक अमेरिका समजून घेते. खोटी सही ही वेगळी बाब ठरते.

अजाणतेपणी ज्यांचे भरणे राहिले, त्यांच्यासाठी तिकडे सवलतीची वाट आहे : मागील तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सहा वर्षांची खातेविवरणे भरली की परदेशात राहणाऱ्या पात्र नागरिकाला दंड लागत नाही. थकलेला कर व व्याज मात्र द्यावे लागते. तिकडून चौकशी सुरू झाली की ही वाट बंद होते.