दरपत्रक कुठे लावलंय?

इंदिरानगरातून रोज सकाळी अंबडच्या कंपन्यांकडे निघणाऱ्या दुचाक्या तुम्ही पाहता. त्यातली एखादी तुमच्या बाबांचीही असेल. शिफ्ट, ओव्हरटाइम, गाडीचा हप्ता. ‘आरोग्य व्यवस्था सुधारण्यासाठी मोर्चाला चला’ म्हटलं, तर ते विचारतील, ‘सुट्टी कोण देणार?’ प्रश्न रास्तच आहे.

आता मे 2021 आठवा. रुग्णाची अनामत रक्कम परत मिळावी म्हणून नाशिकमध्ये जितेंद्र भावे या कार्यकर्त्याने एका खासगी रुग्णालयात अंगावरचे कपडे उतरवून आंदोलन केलं. व्हिडिओ राज्यभर फिरला. तेव्हा नियम नव्हते का? होते की! मे 2020 मध्येच सरकारने कोविड उपचारांचे दर बांधून दिले होते: आयसोलेशन वॉर्ड दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000 रुपये. जानेवारी 2021 मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियमही सुधारले. रुग्णालयात रुग्ण हक्कांची सनद आणि 15 सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावायचं. तक्रार कक्ष आणि टोल-फ्री नंबर स्थानिक प्रशासनाने सुरू करायचा.

मग अडतं कुठे? ‘दरपत्रक दाखवा’ हे विचारायची वेळ येते, तेव्हा आपलं माणूस आत आयसीयूत असतं. त्या क्षणी कोण भांडणार? डॉक्टर नाराज झाले तर, ही भीती असतेच. नियमाचा सगळा भार सर्वांत हतबल माणसावर टाकला, की नियम कागदावरच राहतो.

म्हणून हे काम घरात सगळे धडधाकट असताना करायचं. त्याला सुट्टी लागत नाही. कॉलेजमधून येताना घराजवळच्या रुग्णालयात डोकावा: सनद, दरपत्रक, टोल-फ्री नंबर दिसतोय का? नसेल, तर महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे माहितीचा अधिकार वापरा. शुल्क 10 रुपये, अर्ज 150 शब्दांच्या आत, विषय एकच: ‘इंदिरानगरातील किती खासगी रुग्णालयांची वर्षभरात तपासणी झाली आणि त्यात काय आढळलं?’ उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं, तर अपील करा.

एका अर्जाने व्यवस्था बदलणार नाही, खरंय. पण एकाच प्रभागातून असे वीस अर्ज गेले, तर तपासणीची फाइल कुणाला तरी उघडावीच लागेल. बाबांना शिफ्ट आहे. तुमचं लेक्चर किती वाजता सुटतं?