पाळणा वरच थांबला, मग?

आकाशपाळण्यात शेवटचं कधी बसलात, आठवतंय का मैत्रिणींनो? मला चांगलंच आठवतंय, कारण बसले ते बसलेच, लवकर उतरता आलं नाही. भिशीतल्या आम्ही चौघी, आमच्या कंधारच्या बाजूच्या एका लहानशा जत्रेत. (माळेगावची यात्रा नव्हे बरं का, दुसरीच.) दर्शन झालं, बांगड्या भरल्या, गोडीशेव घेतली आणि कुणीतरी म्हणालं, चला गं, बसू. तिसऱ्या फेरीला जनरेटर बंद पडला आणि आमचा पाळणा नेमका टोकाला! दिवे गेले, भोंगा गप्प. एकीनं डोळे मिटून खंडोबाला साकडं घातलं, दुसरीचं ‘माय माय’ चालू, आणि मला काळजी कसली, तर पायातली चप्पल खाली पडू नये याची. पंधरा-वीस मिनिटांनी पोरांनी हातानं चाक फिरवून एकेक पाळणा खाली घेतला.

खाली आल्यावर पहिला प्रश्न आला, ‘कायला चढल्या होत्या?’ घरी गेल्यावर, ‘या वयात शोभतं का?’ जनरेटर का बंद पडला, दुसरा का नव्हता, हे त्या पाळणेवाल्याला कुणीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही नाही. पण महिनाभरानं आमच्यातल्या एकीच्या लेकीची कॉलेजची सहल बंद झाली. का, तर आईचं काय झालं ते बघितलं ना!

असं अडकणं काही फक्त जत्रेतच होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये हैदराबादच्या नुमाइशमध्ये, म्हणजे आपल्याकडचे कितीतरी लोक दरवर्षी हौसेनं जातात त्या प्रदर्शनात, एक झुला बंद पडला आणि त्यातली माणसं जवळपास २५ मिनिटं उलटी लटकून राहिली. त्याच वर्षी २७ मे रोजी चेन्नईतल्या एका मोठ्या पार्कात लेकराबाळांसह तीसहून जास्त माणसं सुमारे तीन तास वर अडकली. अग्निशमन दलाच्या उंच शिडीच्या गाडीनं सगळ्यांना सुखरूप उतरवलं. आता मला सांगा, तालुक्याच्या गावात तेवढ्या उंच शिडीची गाडी कुठून येणार? आणि येईपर्यंत वरच्यांनी काय करायचं?

आकाशपाळणा म्हणजे शेवटी एक मोठं चाक. समोरासमोर वजन सारखं असलं तर ते हातानंही फिरतं. म्हणून जाणता पाळणेवाला माणसं ओळीनं बसवत नाही. एक पाळणा भरला की त्याच्या समोरचा भरतो. जड बाजू आपोआप खाली येऊ पाहते, तिला आवरायला ब्रेक. हे नीट असलं तर वीज गेली तरी माणसं खाली घेता येतात. नुसतं अडकणं फारसं धोक्याचं नसतं. दांडी लावलेली असेल तर बसून राहायचं. घाबरून दांडी काढणं, उभं राहणं, उतरायला बघणं, त्यानं जीव जातो.

खरा धोका असतो तो गंजलेल्या नटबोल्टात. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळचा मोठा झुला तुटून दोघांचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात माणसांनी भरलेला झुला उंचावरून धाडकन खाली आला, कित्येक जण जखमी झाले. आणि बायकांचं आणखी एक. आपले केस, ओढणी, पदर! २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला एका तरुणीचे केस छोट्या रेसगाडीच्या चाकात अडकले आणि ती गेली. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कन्नौजच्या मेळ्यात एका मुलीचे केस पाळण्यात अडकून डोक्याची कातडीच निघाली. वेणी घालून, अंबाडा बांधून बसायला दोन मिनिटं लागतात, पण ते सांगणारा माणूस तिकिटाच्या खिडकीजवळ असतो का? आणि केस यंत्रापर्यंत पोचू नयेत असं झाकण कुणी बसवायचं, आपण?

राजकोटला मे २०२४ मध्ये गेमझोनच्या आगीत २७ जण गेले, तेव्हा कुठे गुजरातनं पाळण्या-झुल्यांसाठी कडक नियम केले. जमीन तपासा, पक्का पाया घाला, असं म्हटल्यावर पाळणेवाले कुरकुरले. त्यांचंही अगदीच चूक नाही. चार दिवसांच्या जत्रेला सिमेंटचा पाया घालणं त्या गरिबांना परवडायचं नाही. पण यंत्र आणि वीजजोडणी तपासल्याचा दाखला, कुणी तपासलं त्याची सही आणि तारीख, एवढं पाटीवर लावायला काय खर्च येतो?

यंदा आम्ही चौघी पुन्हा गेलो. लेकही सोबत होती, भांडून आणली. पाळणेवाल्याला विचारलं, जनरेटर बंद पडला तर? त्यानं दुसरा दाखवला, ब्रेकही दाखवला, चांगला बोलला बिचारा. मग तपासणीचा कागद विचारला, तर म्हणाला, ‘ताई, आजवर कुणी बाईनं नाही विचारलं. कागद मालकाजवळ हाय.’ मालक कुठे? चहाला गेलेले. रांगेतल्या दोन बाया आमच्याकडे बघायला लागल्या, एकीनं हातातलं तिकीट तसंच धरून ठेवलं. आम्ही गोडीशेवेचा पुडा उघडला आणि मालक येईपर्यंत तिथंच उभ्या राहिलो.