समतेच्या कायद्यातील पळवाट

आईने पाळलेल्या रीतीने लग्न करणार नाही, असे म्हणणारी ज्यू तरुणी कोणत्याही देशात घरच्यांना उद्धटच वाटते. इस्रायलमध्ये मात्र तिचा वाद केवळ आईवडिलांशी राहत नाही. त्यांच्या पाठीशी राज्यसंस्था उभी असते. घर सोडता येईल, कायदा सोडून ती जाणार कोठे?

१९५१ साली इस्रायलने स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा केला आणि त्याच कायद्यात विवाह-घटस्फोटाचे धार्मिक निर्बंध समतेतून वगळले. १९५३ साली ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या धर्मन्यायालयांच्या स्वाधीन झाले. हे सनातन्यांच्या राजवटीत घडलेले नाही. सत्तेवर होता मापाय, म्हणजे स्वतःला समाजवादी म्हणविणारा मजूर पक्ष! धार्मिक पक्षांच्या पाठिंब्याची किंमत त्याने स्त्रियांच्या खात्यातून चुकती केली.

ही किंमत आजच्या मुली भरीत आहेत. ‘गेट’ हे घटस्फोटपत्र पतीने स्वेच्छेने द्यावयाचे. त्याने ते अडवून धरले की पत्नी वर्षानुवर्षे बांधलेली. १९९५ च्या कायद्याने हट्टी पतीचा वाहनपरवाना रोखण्याचा, त्याला तुरुंगात डांबण्याचाही अधिकार धर्मन्यायालयांना मिळाला खरा. परंतु किल्ली पतीच्याच हाती राहिली. अठराव्या वर्षी जिला राज्य लष्करात भरती करते, तिच्या संसाराचा निवाडा करणाऱ्या धर्मपीठावर एकही स्त्री बसू शकत नाही. आणि ज्यूपण ठरते ते मात्र आईवरून!

परंपरेनेच समाज तगला, हे नेहमीचे उत्तर. मग कोकणात शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्या बेने इस्रायलींचे काय झाले? ते इस्रायलला गेले आणि रब्बी त्यांच्या विवाहांना हरकत घेऊ लागले. १९६२ च्या आदेशाने आई, आजी, पणजी यांच्या कुळाची चौकशी सुरू झाली. १९६४ साली हे लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले, संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली, तेव्हा कोठे आदेशातून त्यांचे नाव गळले. परंपरा निष्ठेने पाळणाऱ्यांचीही ही गत, तर तिला प्रश्न विचारणाऱ्या मुलीची काय कथा?

ज्यांच्यापाशी पैसा आहे त्या सायप्रसला जाऊन नोंदणी विवाह करतात. १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे सरकार तो नोंदवूनही घेते. मात्र दोघेही ज्यू असले आणि संसार मोडला, तर घटस्फोटासाठी पुन्हा त्याच धर्मन्यायालयाच्या दारात उभे राहावे लागते.