हिरव्या ठिपक्याच्या पलीकडे



सुपरमार्केटमध्ये पाकीट हातात घेतलं की आपली नजर आधी हिरव्या ठिपक्यावर जाते. मग ते उलटं करून वाचायचं : कांदा-लसूण पावडर आहे का, जिलेटिन आहे का, बटाट्याचा स्टार्च आहे का. ही पारख आपल्या मुलींनाही लहानपणीच येते आणि मला तिचं कौतुक आहे. पण ती अर्ध्यावर थांबते, असं माझं मत आहे. पदार्थ संपल्यावर त्या पाकिटाचं काय होणार, हे आपण विचारत नाही.

हा प्रश्न आपल्या धर्माला नवा नाही. मुनींच्या पाच समित्यांमधली शेवटची उत्सर्ग समिती. त्याज्य ते टाकतानाही जीवजंतू नसलेली जागा पाहून, कुणाला इजा होणार नाही असं टाकायचं. आपल्या आज्या पाणी गाळून फडक्यावरची जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायच्या. घरात काय घ्यायचं याला जसा नियम होता, तसा बाहेर काय आणि कुठे सोडायचं यालाही होता.

आज भाजीची देठं, उरलेला भात, दह्याचा डबा, वेफर्सचं पाकीट सगळं एकाच पिशवीत जातं आणि वर घट्ट गाठ बसते. अन्नाच्या वासानं गाय ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, पोटात साठत जातं. पांजरपोळाला देणगी देणाऱ्या हातांनीच ती गाठ मारलेली असावी, हे मला फार खटकतं.

गायीच्या तोंडी नाही गेली, तर ती गाठ कचरावेचक बाईला सोडावी लागते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. या बायकांची कमाई सुक्या कचऱ्याच्या विक्रीवर बरीच अवलंबून असते. स्वच्छ, कोरडा डबा विकला जातो. आंबलेल्या दह्यानं माखलेला डबा त्यांचे हात घाण करतो आणि वर पैसेही देत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : डबे धुवायचे तर पाणी जातं, तोही जीवच. आक्षेप खरा आहे. म्हणून नळ सोडायचा नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी डब्यात घालून हलवायचं, डबा उपडा ठेवून वाळवायचा. तेवढं पुरतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा वेगळा करू नका, पिशवीलाच लटकू द्या. सुटा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खत करायचं म्हणजे किडे होणार, मग ती हिंसा नाही का? माझं उत्तर असं : देठं आपण घरात ठेवली काय किंवा दारातून घालवली काय, ती कुजणारच. गाठ मारलेल्या पिशवीत, कचऱ्याच्या डोंगराखाली ती हवेविना कुजतात आणि मिथेन वायू तयार होतो. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, पण ती कमी करणं हातात असतं. कुंडीत ओल्या सालांवर प्रत्येक वेळी सुक्या पानांचा थर द्या, हवा खेळती ठेवा, खरकटं घालू नका. वास आणि अळ्या कमी होतात. तरीही जीव दिसले तर पावडर किंवा फिनेल अजिबात नको.

कुंडीत काय घालायचं नाही, तेही पाहून घ्या. सफरचंदावरचं स्टिकर बहुधा प्लॅस्टिकचं असतं, ते काढून टाका. दुकानाचं गुळगुळीत बिल नको, त्यावर रसायनाचा लेप असतो. साधा तपकिरी कागद, चिकटपट्टी काढलेला पुठ्ठा फाडून घातला तर चालतो. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी मात्र घरच्या कुंडीत घालून फसू नका. त्यातल्या बहुतेकांना मोठ्या खतप्रकल्पातली साठेक अंशांची उष्णता लागते. आणि ती सुक्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली तर तो मालही बिघडवते.

आता वेफर्सचं चकचकीत पाकीट. त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. त्याचं खत होत नाही आणि धुऊनही उपयोग नाही. त्याला एकच उपाय, ते घरात न आणणं.

म्हणून मला वाटतं, रिसायकलिंग ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी आपल्याकडे भोगोपभोग परिमाण व्रतात आहेच. चातुर्मासात हिरवी भाजी सोडली की डाळी, खाकरे, पापड यांची पाकिटं उलट वाढतात. मग मर्यादा फक्त जिभेलाच का? या चातुर्मासात एक छोटा नियम घ्या : आठवड्याला चकचकीत पाकिटं किती, हा आकडा ठरवा आणि डाळी-कडधान्यं किराणा दुकानातून घरच्या पिशवीत सुटी आणा. उपवासाइतकाच हाही संयम आहे, आणि त्याचं पारणं करावं लागत नाही.